अव्वाचं बसणं

संपादकांचा फोन आला. यंदाच्या दिवाळी अंकात ‘आजच्या वास्तववादी चित्रकलेतला स्त्रीदेह’ असा विषय घेतलाय, त्यावर तुम्ही लिहा, म्हणाले. मी म्हटलं, अहो, मी सोलापुरातली पोर्ट्रेट करणारी बाई. लोकांच्या आया, आज्या, सासवा काढण्यात माझी हयात गेली. स्त्रीदेह हा शब्द मी कामात कधी वापरलेला नाही. आमच्याकडे ‘हाफ’ की ‘फुल’ एवढाच प्रश्न असतो. हाफ म्हणजे कमरेपर्यंत, फुल म्हणजे पायापर्यंत. ते हसले आणि म्हणाले, मग तेच लिहा. म्हणून लिहिते आहे. विद्वत्तेच्या अपेक्षेनं आलेल्यांनी खुशाल पान उलटावं, मला राग येणार नाही. थोडा येईल, पण तो मी गिळेन.

आधी धंदा सांगते. माझा स्टुडिओ म्हणजे घराच्या गच्चीवरची एक खोली. तिला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे. उत्तरेकडून ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो, आणि तो दिवसभर फारसा हलत नाही. आमच्या इथल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली बसून रंग कालवणं हे एक व्रतच आहे, पण सवय होते. समोर बसायला जिवंत माणूस क्वचित मिळतं. बहुतेक कामं गेलेल्यांची. घरातलं सगळं क्रियाकर्म आटोपलं, पाहुणे पांगले, की मुलगा फोटो घेऊन जिना चढतो.

फोटो बाईचा असेल तर दोन वाक्यं ठरलेली. ‘जरा उजळ करा’ आणि ‘जरा बारीक करा’. पुरुषाला बारीक करा असं आजवर मला कुणी सांगितलेलं नाही. उलट, ढेरी येऊ द्या, माणूस वजनदार दिसला पाहिजे, असं सांगतात. रंगाच्या दुकानात एक ट्यूब मिळते, तिच्यावर ‘स्किन’ असं लिहिलेलं असतं, आत गुलाबी रंग. त्या रंगाची बाई मी सोलापुरात अजून पाहिलेली नाही. माझ्या पॅलेटवर विटकरी बर्न्ट सायना असतो, मातकट पिवळा यलो ओकर असतो आणि चिमूटभर हिरवा. हिरवा म्हटलं की गिऱ्हाईक घाबरतं. आपल्या कातडीत हिरवा असतो, दंडाच्या आतल्या बाजूला बघा म्हणजे पटेल.

एकदा कडक भाकरीचा धंदा करणारी एक बाई दिराला घेऊन आली. दुकानात लावायला तिचं चित्र हवं होतं. दीर मला खिडकीपाशी घेऊन हळूच म्हणाला, “वहिनीला जरा कमी करा. फिगर काढा.” बाईचे कान तिखट. ती बसल्या जागेवरून ओरडली, “कमी केल्यावर भाकरी कोण घेणार? बारीक बाईच्या हातची चव लोकास्नी खरी वाटत न्हाई. आन् हातावरचे चटके बी काढा की. फुकट न्हाई खाल्ले.” मनगटापासून कोपरापर्यंतचे सगळे चटके मी काढले. ते चित्र बघायला मी अजून अधूनमधून तिच्या दुकानात जाते आणि येताना भाकरी घेऊन येते.

पण सगळी गिऱ्हाइकं अशी नसतात, आणि मीही सुरुवातीपासून अशी नव्हते. मी शिकले तेव्हा बाईचं शरीर म्हणून आमच्यापुढे प्लास्टरची एक परदेशी मूर्ती ठेवलेली असायची. पांढरीशुभ्र, दोन्ही हात तुटलेली. जिवंत मॉडेल म्हणून एक म्हातारबाबा यायचे आणि बसल्या बसल्या डुलक्या काढायचे. बाई कोण येणार? त्यामुळे मी स्वतः बाई असून बाईचं अंग शिकले ते प्लास्टरवरून, आणि उरलेलं कॅलेंडरवरच्या देवींवरून. घरात आरसा होता, पण त्यात बघून शिकावं हे सुचायला बरीच वर्षं गेली.

आता मोठ्या शहरांतल्या प्रदर्शनांत वास्तववादी चित्रं पुष्कळ लागतात. मी आवर्जून जाते. हात काय तयार असतात या पोरांचे! पैठणीचा काठ असा की धागे मोजावेत. केस न् केस सुटा. आणि बाई? बाई नेहमी विशीतली, खिडकीशी किंवा दिव्याशी उभी, न्हालेली, कमरेवर घागर. त्या घागरीकडे मी नेहमी बघते. ती रिकामी असते. भरली घागर कमरेवर घेतली की उलट्या बाजूचा खांदा खाली जातो, मान तिरकी होते, पाय फाकतो. चित्रातली बाई मात्र सरळ उभी. एवढी बारकाईनं काढलेली पितळी घागर, पाणी भरायचंच राहून गेलेलं असतं. एका तरुण चित्रकाराला मी हे बोलून दाखवलं. तो भला मुलगा. म्हणाला, “मॅडम, मॉडेलला भरलेली घागर कशी देणार, बिचारी थकेल ना.” मी पुढच्या चित्राकडे वळले.

हे झालं लोकांचं. माझी स्वतःची रिकामी घागर म्हणजे माझी खुर्ची.

स्टुडिओत एक कोरीव पाठीची शिसवी खुर्ची आहे. जुन्या बाजारातून आणलेली, हातांना सिंहाची तोंडं. पहिल्या गिऱ्हाइकाला ती आवडली, मग दुसऱ्याला, मग लोक येऊन ‘त्या खुर्चीवरचं काढा’ असंच सांगायला लागले. समोर बसणारी बाई नसली तरी अडत नाही. आमच्या धंद्यात ‘तयार अंग’ म्हणून प्रकार असतो. खुर्चीवर बसलेल्या बाईचं एक छान रेखाटन करून ठेवायचं: खांदे सरळ, हात सिंहांच्या डोक्यांवर, पदर दोन्ही खांद्यांवर, पायांशी निऱ्या. गिऱ्हाइकानं फोटो आणला की वर फक्त चेहरा बदलायचा. झाली आई तयार. सोलापुरातल्या कितीतरी दिवाणखान्यांत माझ्या त्याच खुर्चीवर त्याच अंगाच्या वेगवेगळ्या आया बसलेल्या आहेत. एका घरी मुलगी बघायचा कार्यक्रम होता, तिथे मुलाच्या मामींनी भिंतीकडे बघून विचारलं म्हणे, “अगंबाई, ही खुर्ची तर आमच्या सासूबाईंची, तुमच्याकडं कशी आली?” लग्न जमलं, हे नशीब.

अशा सगळ्या निवांत चाललेल्या धंद्यात काही वर्षांपूर्वी सिद्रामप्पा आले.

सिद्रामप्पा मूळचे वळसंगचे. शहरात त्यांचं मोटारपंप आणि पाइपांचं मोठं दुकान. माणूस उंचापुरा, पांढरेशुभ्र कपडे, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि गुडघे गेलेले. जिना चढून वर आले आणि तडक त्या खुर्चीत बसले. नवीन घर बांधलं होतं, वास्तुशांत ठरली होती, आणि हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर आई हवी होती. फुल.

“फोटो?” मी विचारलं.

त्यांनी पाकिटातून आईचं मतदानाचं ओळखपत्र काढलं. नखाएवढा फोटो, अर्धा पुसलेला. नाक, डोळे, कपाळ कसंबसं दिसत होतं. हनुवटीच्या खाली काहीच नव्हतं.

“दुसरा नाही?”

“कुटला दुसरा? लग्नाकार्यात फोटो निघायचे, तवा अव्वा चुलीपाशी असायची. बोलवायला गेलं तर म्हणायची, आधी लोकास्नी जेवू दे.”

घरात कानडी आणि मराठी दोन्ही, त्यामुळे आई म्हणजे अव्वा. नाव बसम्मा. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हा सिद्रामप्पा मार्केट यार्डात टेम्पो चालवायचे. दुकान, घर, गाडी सगळं ती गेल्यानंतर आलेलं.

“बाई, अव्वाला जरा भरल्या अंगाची करा,” ते म्हणाले. “खात्यापित्या घरची वाटली पायजे. गळ्यात पुतळ्याची माळ, हातात तोडे, आन् ही खुर्ची. चालतंय न्हवं?”

न चालायला काय झालं होतं? माझं तयार अंग होतंच. चेहरा मोठा करून घेतला, कॅनव्हासवर कोळशानं पूर्ण आकृती उभी केली, माळ घातली, तोडे घातले. सिद्रामप्पांना फोटो पाठवला. ‘झकास’ असं उत्तर आलं. बहिणींना दाखवून घेतो, मग रंगाला लागा, म्हणाले.

त्यांच्या तीन बहिणी. थोरली महादेवी, वळसंगलाच दिलेली, शेतात राबलेली, रुंद हाडाची. मधली शांता, अक्कलकोटची, काटकुळी आणि तोंडानं फटकळ. धाकटी नीलम्मा, शहरातच राहणारी, तिला उशिरा झालेली दोन मुलं. तिघी एकत्र जिना चढून आल्या, चपला दाराशी सोडल्या, आणि कॅनव्हाससमोर उभ्या राहिल्या. सिद्रामप्पा खुर्चीत.

मग शांता म्हणाली, “ही कुटली पाटलीण म्हणायची?”

“अगं, अव्वा हाय ती,” सिद्रामप्पा म्हणाले.

“तोंड हाय अव्वाचं. खाली कोण हाय?”

महादेवी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. नीलम्मा मात्र माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज चांगला कडक होता. “बाई, माझ्या पोरांनी अव्वाला बघितलेलं न्हाई. एक बी धड फोटो न्हाई. आता तुमी जे काढाल, तीच त्यांची आजी. आमी म्हातारे हून विसरून जाऊ, मग आमाला बी हीच आठवंल. खरी अव्वा कुटंच राहणार न्हाई. कळतंय का तुमाला?”

मला कळलं. इतकी वर्षं तयार अंगावर चेहरे बसवताना हे मला कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. सिद्रामप्पांचा चेहरा उतरला.

“म्हंजे काय, फाटक्या लुगड्यातली काढायची?” ते म्हणाले. “चार पाव्हणे येणार. म्हणतील, पोरगा बंगल्यात बसला, आई बगा कशी, उपाशी. मला तिला सोनं घालता आलं न्हाई. जिवंत असताना खुर्ची बी देता आली न्हाई. चित्रात तरी बसू दे की तिला.”

आता या माणसाला खोटं कसं म्हणणार? बहिणींचंही खरं होतं आणि त्याचंही. मी म्हटलं, आठवडाभर थांबा, आणि तुम्ही तिघी पुन्हा माझ्याकडे एकट्या या. मला अव्वाचं शरीर शोधायचं आहे. सिद्रामप्पांना ते फारसं पटलं नाही, पण थोरल्या बहिणीनं नुसतं “तम्मा, चल” म्हटलं आणि ते उठले. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. दुकानात चार माणसं हाताखाली असलेला हा गृहस्थ तिच्यापुढे अजून तम्माच होता.

ठरल्याप्रमाणे तिघी आल्या. मी कागद आणि पेन्सिल घेऊन बसले आणि विचारलं, “अव्वा कशी होती सांगा. अंगानं.”

“दांडगी,” महादेवी म्हणाली. “ज्वारीचं पोतं एकटी उचलायची. खांदे असे रुंद.”

“कुटलं दांडगी?” शांता म्हणाली. “काडी होती, काडी. गळ्याखालची हाडं वर आलेली. मला चांगलं आठवतंय.”

“पोट सुटलेलं होतं तिचं,” नीलम्मा म्हणाली. “बाळंतपणांनी ढिलं पडलेलं. मी त्याच्यावर डोकं ठेवून झोपायची. मऊ लागायचं.”

“गप की, अव्वाचं पोट म्हणं!” शांतानं तिला दटावलं.

“होतं! तू सासरी गेलीस तवा.”

आणि तिघी कानडीत भांडायला लागल्या. मला कानडी फारसं येत नाही, पण हातवाऱ्यांवरून एवढं समजलं की एक बाई तीन आकारांची होती. थोडा वेळ डोकं धरून बसल्यावर माझ्या ध्यानात आलं, कुणीच खोटं बोलत नव्हतं. थोरलीनं तरुण अव्वा बघितली, मधलीनं दुष्काळातली, धाकटीनं म्हातारपणाकडे झुकलेली. प्रत्येकीच्या लहानपणी जी होती ती. पण मला चित्र एकच काढायचं होतं.

मी तिघींना आळीपाळीनं त्या खुर्चीवर बसवलं. निदान लेकींच्या अंगात आई सापडेल म्हणून. पहिली टोकावर टेकली, हात मांडीत. दुसरीही टोकावर. तिसरीही. डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावून बसतात तशा. सिंहांच्या डोक्यांवर हात ठेवा म्हटलं तर शांता म्हणाली, “चावतंय की काय ते.” हसून हसून आमची पुरेवाट झाली, कामाचं काही झालं नाही. दुपार झाली. मी निराश झाले होते, खरं सांगायचं तर. वास्तुशांत तोंडावर आलेली, आणि माझ्यापुढे पुसून काढलेला कॅनव्हास.

महादेवी म्हणाली, “बाई, जेवून घिऊ. पोटात कावळे बोलायलेत.” त्यांनी येताना भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि कांदा बांधून आणला होता. खाली सतरंजी टाकली. मी पाण्याचा तांब्या आणायला खाली गेले, आणि तांब्या घेऊन परत आले ती दारातच थांबले.

तिघी जेवायला बसल्या होत्या. तीन अंगाच्या तीन बायका, एकीचं दुसरीशी रूप जुळत नाही. आणि तिघी अगदी एकसारख्या बसल्या होत्या. एक पाय आडवा मुडपलेला, उजवा गुडघा उभा, त्या गुडघ्यावर कोपर टेकलेलं, अंग जरा उजवीकडे कललेलं. आणि डावा हात मागं, कमरेवर दाबून धरलेला.

“हलू नका!” मी ओरडले.

महादेवीच्या तोंडात घास होता. ती तशीच थांबली, गाल फुगलेला. शांता म्हणाली, “काय झालं, पाल हाय का?”

“डावा हात,” मी म्हटलं. “कमरेवर का ठेवलाय?”

तिघींनी आपापल्या हाताकडे बघितलं. मग एकमेकींच्या. कुणालाच माहीत नव्हतं. थोड्या वेळानं थोरलीला आठवलं. “अव्वाची कंबर दुखायची. विहीर लांब. डाव्या अंगाला घागर घिऊन यायची जन्मभर. बसली की हात तितंच जायचा.”

“तुमची दुखते?”

“न्हाई की,” ती म्हणाली. “आमच्या दारात नळ हाय.”

दुखणं आईबरोबर गेलं होतं आणि हात मागं राहिला होता. तांब्या मी तसाच खाली ठेवला आणि कागद ओढला. शांता कुरकुरली, चटणी कोरडी पडायली म्हणून, पण तिघी बसल्या. मी एकापाठोपाठ एक रेखाटनं केली. तेवढ्यात नीलम्मा हळूच म्हणाली, “आणि दारात कुणी आलं की हितनंच विचारायची. ऊटा आतेन?”

जेवलास का, एवढाच त्याचा अर्थ. कोण आलंय, काय काम आहे, हे सगळं नंतर. आधी ते.

मग मात्र मला कुणाला काही विचारावं लागलं नाही. खांदे मी महादेवीचे घेतले. गळ्याखालची हाडं शांताची. पोट नीलम्माचं. चोळीच्या खाली आणि लुगड्याच्या वर पोटाची जी मऊ घडी पडते, जिच्यावरून आम्ही चित्रकार ब्रश फिरवून ती हमखास सपाट करतो, ती मी पूर्ण काढली, आणि सगळ्यात जास्त वेळ तिच्यावरच घालवला. त्या घडीच्या आत सावली काळी नसते, तांबूस असते. हातांवरच्या शिरा काढल्या, टाचेच्या भेगा काढल्या, दंडावरचं गोंदण बहिणींना विचारून काढलं. गळ्यात सोनं घातलं नाही. इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी, करडगी, तेवढी होती, ती घातली. वाकडी झालेली कंबर वाकडीच ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा भरलेली घागर मी चित्रात काढली असं मला वाटत होतं, जरी चित्रात घागर कुठेच नव्हती.

एक गोष्ट मी मुद्दाम केली. एरवी मी उभी राहून काम करते, त्यामुळे चित्रातली नजर उभ्या माणसाच्या उंचीला लागते. यावेळी मी पाटावर बसून रंगवलं, पुढ्यात ताट घेऊन बसलेल्या पोराच्या उंचीवरून. अव्वाची नजर जरा खाली, समोरच्या ताटाकडून वर येणारी. सलग एवढा वेळ पाटावर बसल्यानं माझीही कंबर धरली, आणि एकदा ब्रश खाली ठेवताना बघते तर माझाही डावा हात मागं गेलेला.

चित्र झालं. सिद्रामप्पा आले, मागोमाग बहिणी. मी चित्र ईझलवर ठेवलं नव्हतं, खाली जमिनीवर भिंतीला टेकवलं होतं. ते उभ्यानं बघत राहिले.

“खुर्ची कुटाय?” ते म्हणाले.

मी ब्रश पुसायला घेतला.

“सोनं बी न्हाई. आन् हे पोट... बाई, हे असं कोण काढतं? लोक काय म्हणतील?” त्यांचा आवाज चढला नाही, उलट पडला. “मी तुमाला काय सांगितलं हुतं?”

नीलम्मा पुढे झाली, पण महादेवीनं तिला हातानं थांबवलं. “तम्मा,” ती म्हणाली, “उभा राहून काय बघतोस? अव्वासमोर कधी उभा राहून जेवलास? खाली बस.”

“गुडघे गेलेत माझे, अक्का.”

“बस म्हणती न्हवं.”

त्यांनी खुर्चीचा हात धरला, मग भिंत धरली, आणि कण्हत, पांढऱ्या कपड्यांची पर्वा न करता, जमिनीवर बसले. चित्राच्या अगदी समोर. आणि बसल्याबरोबर तिची नजर त्यांना लागली. मला ते बाजूनं दिसलं. उभ्यानं बघताना ती आपल्याच तंद्रीत खाली बघणारी बाई होती. खाली बसल्यावर ती बरोबर त्यांच्याकडे बघत होती.

सिद्रामप्पांचे ओठ हलले. ते चित्राशी बोलले, आमच्याशी नाही, आणि अगदी हळू बोलले. “आत, अव्वा,” म्हणाले. झालं, आई. जेवलो.

तिनं विचारल्याचं आम्हा कुणाला ऐकू आलं नव्हतं, पण त्यांना आलं असणार. शांतासारखी फटकळ बाई, तीसुद्धा पदर तोंडाला लावून खिडकीकडे वळली. मी सरळ रडले. स्वतःच्या कामासमोर रडणं शोभत नाही, पण रडले.

मग सिद्रामप्पा जमिनीला हात टेकून म्हणाले, “बसलो खरा. आता उठवणार कोण?” तिघी बहिणींनी दोन्हीकडून आणि मागून धरून त्यांना उठवलं, ते ओरडत होते, त्या हसत होत्या, शांता म्हणत होती, “भरल्या अंगाचं म्हंजे हे असं असतंय बग.” दाराशी जाऊन ते पुन्हा वळले. मला म्हणाले, “पाव्हण्यांचं मी बगतो.” सोन्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

ती खुर्ची मी अजून टाकलेली नाही. तिच्यावर रंगांच्या ट्यूब ठेवते. तयार अंगाचं रेखाटन मात्र फाडलं. आता गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं की मी आधी विचारते, घरात कशी बसायची? बरेच मुलगे विचारात पडतात. लेकी लगेच बसून दाखवतात. उजळ करा, बारीक करा अजून चालूच आहे आणि चालूच राहणार. मी हो म्हणते आणि मला काढायचं तसं काढते. काही चित्रं परत येतात, ती भिंतीला लावून ठेवलीत. त्यांच्या संगतीत मला बरं वाटतं.

वास्तुशांतीला मी गेले होते. हॉलमधली समोरची मोठी भिंत रिकामीच होती. अव्वा आत होती, स्वयंपाकघराच्या बाहेर जिथे पंगत बसते तिथे, भिंतीवर अगदी खाली टांगलेली, जमिनीपासून वीतभर वर. पाहुणे वाकून बघत होते, इतकं खाली का म्हणून विचारत होते. सिद्रामप्पा प्रत्येकाला सांगत होते, “उभ्यानं दिसत न्हाई. बसा की.” आणि चांगले कडक इस्त्रीचे लोक पॅन्ट सावरत खाली बसत होते.

माझं ताट वाढून आलं तेव्हा चित्रासमोर नीलम्माची मुलगी एकटीच जेवत बसली होती. आजीला कधीच न पाहिलेली. एक पाय मुडपलेला, उजवा गुडघा उभा, आणि इवलासा डावा हात मागं कमरेवर. चित्र बघून ती तशी बसली होती की आधीपासूनच तशी बसायची, हे मी नीलम्माला विचारणार होते, पण विचारलं नाही. पोरीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि जरा सरकून जागा दिली. “जेवलात का?” तिनं विचारलं.

मी ताट घेऊन तिच्याशेजारी खाली बसले.